फोनो प्रीअँप बदलायचाय, बजेट पंचवीस हजार, गोंधळ लाखाचा

खरखर_३३
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता स्वतःवर वेळ आली म्हणून पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

तर सेटअप असा. डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल, लॉकडाऊनमध्ये घेतलेला, त्यावर ऑडिओ टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसते तो भाग). टर्नटेबलला आत प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारा) आहे पण तो बंद करून बाहेरची एक काळी डबी लावलीये, ऑनलाइन तीन हजारांच्या आत मिळाली होती ती. तिथून इंटिग्रेटेड अँप (फोनो इनपुट नाही) आणि बुकशेल्फ स्पीकर. खोली बारा बाय अकरा, सहकारनगर, पुणे. मामा गेले तेव्हा त्यांच्या साधारण १८० एलपी माझ्याकडे आल्या, मामीने सांगितलं की तू ऐकशील तर ने नाहीतर रद्दीवाला आहेच. बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, थोडं हिंदी, आणि का कोण जाणे पण पंधराएक जॅझच्या.

तक्रारी तीन. एक, रेकॉर्ड लावली की अँपचं बटन घड्याळात दोन वाजलेत इतकं फिरवावं लागतं, मोबाईलवरचं गाणं तेवढ्याच बटनावर लावलं तर शेजारी येतील. दोन, मागे सतत एक घूं असा आवाज. तीन, स, श, च ही अक्षरं टोचतात. बाई गात असेल तर जास्तच. तबल्याची चाट वाजली की कानात काडी घातल्यासारखं होतं.

बजेट २५ हजार, ताणून ३०. चुलतभाऊ दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय, तो आणू शकतो. काय घेऊ?

पेठेतला_पोपट
रुमाल टाकून ठेवतो. या विषयावर इथे शेवटचा धागा निघाला होता तेव्हा दोन आयडी एकमेकांशी बोलायचे बंद झाले.

आळशी_मांजर
+१. पॉपकॉर्न.

सोल्डर_मास्तर
खरखरराव, खरेदीचं नंतर बघू, आधी पेशंट तपासू द्या.

१. आतला प्रीअँप नक्की बंद आहे ना? मागचं बटन 'लाइन'वर राहिलं आणि बाहेरचाही लावला तर सिग्नल दोनदा शंभरपट होतो म्हणजे दहा हजारपट, मग जे ऐकू येतं त्याला गाणं म्हणत नाहीत. तुमचा आवाज उलट कमी आहे म्हणजे तसं नसावं, पण बघा.
२. टर्नटेबलपासून डबीपर्यंतची केबल किती लांब आणि कुठली?
३. टर्नटेबलची बारीक अर्थिंगची वायर डबीच्या स्क्रूला घट्ट बसलीये का?
४. डबी ठेवलीये कुठे?

खरखर_३३
मास्तर, १. फोनोवर आहे, खात्री केली. २. केबल दोन मीटरची, दुकानदाराने ऑक्सिजन फ्री वगैरे सांगून दिलेली, जाड आहे, गार्डन पाइपची धाकटी बहीण. ३. हे लिहायला लाज वाटते, डबीच्या स्क्रूचे आटे गेलेत, वायर सेलोटेपने चिकटवलीये. ४. अँपच्या डोक्यावर, जागा नाही हो.

पेठेतला_पोपट
सेलोटेप 😂 पंचवीस हजार वाचले, धागा बंद करा.

तंबोरा
पोपटराव, हसू नका, माझ्याकडे वर्षभर रबरबँड होतं.

खरखर, मी सांगते माझा अनुभव. मी गेल्या सहा वर्षांत तीन प्रीअँप वापरलेत आणि एका मैत्रिणीचा महिनाभर उसना. सुरुवात एआरटीच्या डीजे प्री टू ने. दिसायला स्टुडिओतलं खेळणं, पण त्याला गेनची, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा याची, खुंटी आहे, खालची घरघर कापायचं बटन आहे आणि कपॅसिटन्स (वीज साठवून धरायची क्षमता, कार्ट्रिजला ती मानवावी लागते) १०० की २०० हे निवडायचा स्विच आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी दुप्पट किमतीच्या डब्यांना नसतात. मग हौसेने रेगाचा छोटा घेतला, त्याला काहीच बटनं नाहीत, लावा आणि विसरा, आवाज छान, पण माझ्या वाकड्या रेकॉर्डींना वूफर असे आतबाहेर हलायचे की भाचा येऊन बघत बसायचा. मैत्रिणीचा केंब्रिजचा अल्व्हा ड्युओ होता, त्याला बॅलन्सची खुंटी आणि हेडफोनची सोय, रात्री ऐकणाऱ्यांना बरं. आता माझ्याकडे आयफायचा झेन फोनो आहे, त्याच्या सबसॉनिक फिल्टरसाठीच (तीच खालची घरघर कापायची सोय) घेतला.

तुमचं एमएम (चुंबक हलणारं) कार्ट्रिज आहे हे लक्षात ठेवा. दुकानदार एमसीची (गुंडाळी हलणाऱ्या, बारीक सिग्नलच्या कार्ट्रिजची) सोय, ७२ डीबी (डेसिबल) गेन वगैरे दाखवेल, त्याचे पैसे तुम्ही कशाला भरायचे? आज ना उद्या एमसी घेईन असं सगळेच म्हणतात. मीही म्हणत होते.

न्यूजर्सीकर
चुलतभावाकडून मागवताय म्हणून लगेच लिहितोय, ऑफिसात आहे, चुभूद्याघ्या.

इकडे वीज १२० व्होल्टची. मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं म्हणून आपल्याला सवय लागलीये की कुठेही खुपसा. फोनो प्रीअँपचे अडॅप्टर बरेचदा तसे नसतात. आत चक्क तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो फक्त इकडच्या विजेसाठी. मी बाबांसाठी नाशिकला एक घेऊन गेलो होतो, त्यांच्या पंचाहत्तरीला. चार तास लावून आर्म बॅलन्स केला, पाहुणे जमले, अडॅप्टर सॉकेटमध्ये घातला, दोन सेकंद लाइट लागला, मग आधी तो जळक्या वार्निशचा वास आणि मग फट्. बाबा म्हणाले रेडिओ लाव. चूक माझीच, वर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

आणि त्याहून वाईट फसवणूक म्हणजे काही अडॅप्टर बाहेरही एसीच देतात, डीसी नाही. म्हणजे गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून १२ व्होल्टचा कुठलाही आणून चालत नाही. शिट (Schiit) कंपनीच्या मानी टू या प्रीअँपला १६ व्होल्ट एसी लागतो. तो २३० वाल्या अडॅप्टरसकट मिळतो, पण तो मुद्दाम तसा घ्यावा लागतो. भावाला सांगताना हे नीट सांगा.

विसंवादी
सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं, आता थोडं पाणी ओततो.

फोनो प्रीअँपचं काम दोन ओळींचं आहे. कार्ट्रिजमधून येणारे चार मिलिव्होल्ट शंभरपट करा आणि आरआयएएचा वक्र, म्हणजे रेकॉर्ड कापताना दाबलेले-उचललेले सूर, सरळ करा. हे करायला एनई५५३२ नावाची चिप सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आहे, पन्नास-साठ रुपयांत मिळते, आणि ती बरोबर वापरली तर तुम्हाला आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा आवाज जास्त ऐकू येईल, तिचा नाही. तीन हजारांची डबी आणि तीस हजारांचा डबा यात फरक असलाच तर तो पत्र्याच्या जाडीचा. पैसे सुईवर घाला.

नळीवाला
विसंवादी, तुम्ही कधी ट्यूब फोनो ऐकलाय का मनापासून? १२एएक्स७ नळीवर भीमसेनजींचा षड्ज लागला ना की खोली भरते. चिपवाल्यात गायक भिंतीवरच्या फोटोतून गातो. मोजमापात सगळं दिसत नाही.

विसंवादी
खोली भरते कारण ट्यूब उन्हाळ्यात गरम होते. हलके घ्या.

नळीवाला
घेतलं. पण येऊन ऐका एकदा, चहा माझ्याकडून.

आळशी_मांजर
हा धागा आता अध्यात्माकडे चाललाय. मास्तर, याऽऽ.

सोल्डर_मास्तर
आलो. मुलीची परीक्षा होती.

विसंवादींचं अर्धं बरोबर आहे. अर्धं चुकतंय ते असं. जरा लांबेल, ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी थेट शेवटचा पॅरा वाचा.

रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे उचलतात. खालचे का, तर खर्जाला सुई इतकी डावीउजवीकडे हलावी लागते की खाच शेजारच्या खाचेत घुसेल, एका बाजूला दहा मिनिटंही मावणार नाहीत. वरचे का, तर वाजवताना ते पुन्हा दाबले की त्यांच्याबरोबर प्लास्टिकची खरखरही दाबली जाते. हा हिशेब आधी प्रत्येक कंपनीचा आपापला होता, १९५४ च्या सुमारास अमेरिकेत एकच ठरला, तोच आरआयएए. २० हर्ट्झला प्रीअँपला साधारण २० डीबी उचलायचं असतं आणि २० किलोहर्ट्झला तेवढंच दाबायचं. म्हणजे तळ आणि टोक यांच्यात जवळजवळ शंभरपटीचा फरक, आणि हे सगळं कसलीही भर न घालता गुपचूप करायचं. स्वस्त डबीत बहुतेक वेळा वक्र ठीक असतो. बोंब असते ती पॉवर सप्लायची, इनपुटच्या शुकशुकाटाची आणि स्क्रूची (सेलोटेप आठवा).

आता तुमचा टोचणारा स. एमएम कार्ट्रिजच्या आत हजारो वेढ्यांची गुंडाळी असते. तुमच्या व्हीएम९५ई ची इंडक्टन्स (गुंडाळीचा बदलत्या विजेला होणारा अडसर) साडेपाचशे मिलीहेन्री आहे. आता केबलमध्ये आणि प्रीअँपच्या तोंडाशी जो कपॅसिटन्स आहे तो आणि ही गुंडाळी मिळून झोपाळा तयार होतो, एका ठराविक सुरावर तो जास्त झुलतो. कंपनी म्हणते एकूण कपॅसिटन्स १०० ते २०० पिकोफॅरड ठेवा. तुमची ती दोन मीटरची पाइपाची बहीण एकटीच २५० च्या वर असणार अशी माझी पैज, त्यात डबीचे १०० आणि आर्मच्या वायरीचे थोडे, म्हणजे ३७० धरा. आता गणित मांडा, झोपाळा ११ किलोहर्ट्झला झुलतो आणि तिथे दोन-अडीच डीबीचा उंचवटा येतो. त्याच्या पायथ्यापासूनच, सहा-सात किलोहर्ट्झपासून, चढ सुरू होतो, आणि आपला स, श, तबल्याची चाट, झांज हे सगळं त्याच चढावर राहतं. उंचवट्याच्या पुढे मात्र कडा, म्हणजे टोचतंही आणि वरची हवाही गेलेली. तेच एकूण १७० वर आणलं तर झोपाळा साडेसोळा किलोहर्ट्झला जातो आणि उंचवटा पाव-अर्ध्या डीबीचा उरतो. मग स म्हणजे स.

म्हणून ऑर्टोफॉनच्या २एम रेडवाल्याने 'माझ्याकडे हाच प्रीअँप मस्त वाजतो' म्हटलं तर त्याला १५० ते ३०० चालतात आणि तुम्हाला चालत नाहीत, हे लक्षात घ्या. लोक प्रीअँपचा आवाज म्हणून जे वर्णन करतात त्यात निम्मा हा झोपाळा असतो. नळीवाल्यांच्या नळीच्या आधी त्यांची केबल किती लांब आहे हे मला बघायचंय.

आवाज कमी का, तर चार मिलिव्होल्ट गुणिले शंभर म्हणजे ०.४ व्होल्ट. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणारी डबी) २ व्होल्ट देतो, पाचपट. त्यामुळे रेकॉर्डला बटन जास्त फिरणारच, तो दोष नाही, फक्त जास्त फिरवल्यावर मागून शुकशुकाट येता कामा नये. ४० ऐवजी ४२-४५ डीबी गेनचा प्रीअँप असेल तर थोडं सुखाचं.

शेवटचा पॅरा: मल्टिमीटरवर कपॅसिटन्सची रेंज असेल तर केबल दोन्हीकडून सोडून मोजा. पाऊण मीटरची साधी केबल आणा. डबी अँपच्या डोक्यावरून काढा, खाली ट्रान्सफॉर्मर बसलाय. अर्थिंगची वायर डबीच्या पत्र्याच्या कुठल्याही स्क्रूखाली रिंग लग लावून आवळा. आणि मग पंधरा दिवसांनी प्रीअँपबद्दल बोलू.

तंबोरा
वाचनखूण साठवली. मास्तर, तुम्ही शिकवणी का घेत नाही?

हौशी_कान
घूं आवाजासाठी अँपच्या तीन पिनच्या प्लगमधली वरची मोठी पिन काढून टाका, माझा लगेच गेला होता.

सोल्डर_मास्तर
अजिबात नको!! हौशी_कान, ती पिन आजच्या आज परत लावा. ती तुमच्या जिवासाठी आहे, आवाजासाठी नाही. आत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली तर अँपचा डबा २३० व्होल्टचा होईल आणि तुम्ही त्यालाच हात लावून आवाज वाढवणार. घूं जायचा असेल तर टर्नटेबलची अर्थिंग, केबल आणि जागा बघायची. जुन्या वाड्यात, चाळीत मुळात अर्थिंगच नसते, तिथे इलेक्ट्रिशियन बोलवायचा.

पेठेतला_पोपट
आमच्या वाड्यात अर्थिंग आहे, १९६२ साली आजोबांनी तुळशीवृंदावनात पुरली. आजी रोज पाणी घालते.

सोल्डर_मास्तर
हे ऐकून हसाल पण अर्थिंगला ओल लागते, आजी बरोबर करतायत.

जुनी_तबकडी
उशिरा आलो. मामांच्या रेकॉर्डी कुठल्या आहेत ते कोणी विचारलंच नाही!

आपल्याकडच्या एचएमव्हीच्या, म्हणजे दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या एलपी बघताना लेबलवरचा नंबर बघा. ईएएलपी, ईसीएलपी असेल तर मोनो. ईएएसडी, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. आता मोनो रेकॉर्डमध्ये गाणं फक्त आडवं कोरलेलं असतं. तुमचं स्टिरिओ कार्ट्रिज मात्र उभी हालचालही वाचतं, आणि त्या उभ्या हालचालीत गाणं नसतंच, नुसती धूळ, झीज आणि वाकडेपणा. दोन्ही चॅनल एकत्र केले की तो उभा भाग एकमेकांत कटतो आणि खरखर एकदम मागे सरते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा कुमारजींच्या एका जुन्या तबकडीवर असं वाटलं की कुणीतरी खिडकी लावून घेतली. त्यासाठी मोनोचं बटन लागतं, पण तुमच्या बजेटमधल्या प्रीअँपला ते क्वचितच मिळेल. जुन्या जपानी अँपना सर्रास असायचं. तुमच्या अँपला किंवा त्याच्या रिमोटला आहे का बघा. माझं मत विचाराल तर आपल्या जुन्या मराठी संग्रहाला मोनोचं बटन हे महागड्या चिपपेक्षा जास्त उपयोगाचं.

दुसरं, सबसॉनिक फिल्टर. तंबोराताईंनी लिहिलंय तेच. रेकॉर्ड सेकंदाला अर्ध्याहून किंचित जास्त फेरा घेते, म्हणजे एक वाक असेल तर ०.५५ हर्ट्झचा धक्का. ऐकू काही येत नाही पण वूफर बिचारा हलत राहतो आणि अँपची ताकद त्यात जाते. माळ्यावर ट्रंकेत वीस उन्हाळे काढलेल्या रेकॉर्डी आहेत या, सरळ किती असणार!

तिसरं अवांतर, पावसाळा. बाहेरच्या कव्हरच्या आत जी पातळ प्लास्टिकची पिशवी असते ती तबकडीला चिकटते आणि ढगाळ डाग पडतात, शिवाय बुरशी. डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, परत नुसतं पाणी, आणि सावलीत उभ्या वाळवा. बुरशीवाली रेकॉर्ड लावून नवीन प्रीअँप तपासणं म्हणजे चिखलाचा चश्मा घालून टीव्ही निवडणं.

हौशी_कान
मी ७८ च्या तबकड्या स्पिरिटने पुसतो, चकाचक होतात.

जुनी_तबकडी
अरे देवा. ७८ ची लाखेची असते, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. चकाचक होते कारण तुम्ही गाणं पुसताय. आधी पिन, आता हे. आजपासून विचारल्याशिवाय काही करू नका.

हौशी_कान
😔 तीनच पुसल्या होत्या.

खरखर_३३
मंडळी, पहिला अपडेट. रविवार सत्कारणी लागला.

केबल मोजली. मास्तर पैज जिंकले, २५८ पिकोफॅरड. तपकीर गल्लीत जाऊन पाऊण मीटरची केबल आणली, ती ६१ भरली. रिंग लग दोन रुपयांचा, दुकानदार एकच द्यायला तयार नव्हता, दहा घ्यावे लागले, कुणाला हवेत का? डबीच्या मागच्या पत्र्याचा एक स्क्रू काढून त्याखाली लग आवळला. डबी अँपवरून उतरवून खालच्या कप्प्यात, तिथे आईची बडीशेपेची बरणी होती ती हलवली, त्यावरून वेगळं महाभारत.

मग किशोरीताईंची भूपाची लावली. आई आत भाजी निवडत होती, तिथूनच म्हणाली, "पंखा बंद केलास का रे?" पंखा चालूच होता. माझी दोन वर्षांची घूं तिला पंखा वाटत होती.

स अजून किंचित आहे पण टोचत नाही. आता प्रश्न असा की खर्च झाला तीनशे चाळीस रुपये, तर मग प्रीअँप घ्यायचा की नाही? खरं सांगायचं तर मनातून घ्यायचाच आहे.

विसंवादी
प्रामाणिक माणूस आहात, म्हणून आवडलात.

पणजीवाला
देव बरें करूं. घ्यायचाच असेल तर ऐकून घ्या. आणि ऐकताना एक गोष्ट पाळा, आवाज सारखा करा. दोन प्रीअँपच्या गेनमध्ये एक डीबीचा फरक असला तरी मोठा असतो तोच जास्त 'उघडा', 'जिवंत' वाटतो, मी यात स्वतः एकदा सोळा हजार घालवलेत. टेस्ट रेकॉर्डवरचा एक किलोहर्ट्झचा सूर लावायचा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर, स्पीकरच्या टर्मिनलवर मोजायचं, दोन टक्क्यांच्या आत आणायचं. मग कुणालातरी केबल बदलायला सांगायचं आणि आपण भिंतीकडे तोंड करून बसायचं.

पूर्वी दुकानात तासभर ऐकू द्यायचे. मुंबईला गेलो की काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये एक चक्कर ठरलेली असायची, २०१६ ला तेही बंद झालं. आता सगळं खोकं उघडून दाखवणाऱ्या व्हिडिओंवर.

तंबोरा
खरखर, माझ्याकडे या. कर्वेनगर. झेन फोनो आहे, डीजे प्री अजून कपाटात आहे, आणि ठाण्याचा एक सभासद त्याचा मानी टू विकतोय, तो शनिवारी पुण्यात आहे, त्याला बोलावते. तुमची काळी डबी आणा. आणि बडीशेपही.

खरखर_३३
दुसरा अपडेट, हा जरा मोठा आहे.

शनिवारी ताईंकडे जमलो, मी, ठाण्याचे भाऊ, आणि अनपेक्षितपणे नळीवाले, जे स्वभावाने एकदम गोड निघाले आणि त्यांनी खरंच चहा केला. चार प्रीअँप, एकच टर्नटेबल, माझं कार्ट्रिज. तुलनेसाठी तीन रेकॉर्डी: वसंतरावांचं नाट्यसंगीत मोनोमधलं, एक सतारीची स्टिरिओ, आणि मामांच्या जॅझपैकी एक जिच्यात ब्रशने ड्रम वाजतात. प्रत्येक वेळी मीटर लावून आवाज जुळवला, केबल ताईंचे यजमान बदलत होते, त्यांना यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, म्हणजे आदर्श पंच.

निकाल. माझी काळी डबी मी दहापैकी दहा वेळा ओळखली, पण गाण्यावरून नाही. दोन गाण्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत तिचा शुकशुकाट येतो, बाकी तिघांना जवळजवळ नाही, नुसती रेकॉर्डची खरखर. गाणं चालू असताना मात्र माझाही अंदाज चुकायला लागला. सतारीच्या तरफा, मागचा तानपुरा, असं बारीक मागे चाललेलं असतं तिथे डबी जरा मळकट वाटली, पण हे मला ठामपणे सांगता येणार नाही. डीजे प्री, झेन आणि मानी यांच्यात नुसत्या आवाजावर मी दहापैकी सहा. नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते. नळीवाले दहापैकी सात, आणि ते म्हणाले की मी खालच्या सुरांवर ओळखत होतो. नंतर मास्तरांना फोन लावला तर ते म्हणाले फिल्टर चालू होता का? एकाचा चालू राहिला होता. म्हणजे ते सात खरेच असतील, पण फिल्टरचे.

वसंतरावांच्या वेळी ताईंनी अँपचं मोनोचं बटन दाबलं. त्या क्षणी मात्र कुणाला मीटर लागला नाही. जुनी_तबकडी, तुम्हाला साष्टांग.

तर शेवटी काय घेतलं. ठाण्याच्या भाऊंचा मानी टू, वापरलेला, २३० व्होल्टच्या अडॅप्टरसकट (न्यूजर्सीकर, अडॅप्टर उलटा करून भिंग लावून वाचला). कारण आवाज नाही. कारण बुडाला डिप स्विच (बारीक खटके) आहेत, गेन ४२ डीबी ठेवता येतो, कपॅसिटन्स कमीत कमी ठेवता येतो, खालचा फिल्टरही तिथेच. उद्या कार्ट्रिज बदललं तर डबा बदलायला नको. अँपचं बटन आता दोनवरून साडेबारावर आलंय.

उरलेल्या पैशांत व्हीएम९५ ची एमएल (बारीक धारेच्या टोकाची) सुई. तेच कार्ट्रिज, पुढची टोपी ओढून काढायची आणि नवी बसवायची, स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. विसंवादी, इथे तुम्ही जिंकलात, सुईचा फरक मी भिंतीकडे तोंड करून, पाठ वळवून, शेजारच्या खोलीतूनसुद्धा सांगू शकतो, विशेषतः रेकॉर्डच्या आतल्या शेवटच्या गाण्याला. पण एक तोटा पण. ही सुई इतकी खोल वाचते की दोन-तीन एलपींवर मामांच्या जुन्या प्लेअरच्या जड सुईने केलेली झीज आता स्वच्छ ऐकू येते. आधी ती मळात झाकलेली होती.

विसंवादी
मी जिंकलो हे स्क्रीनशॉट काढून ठेवलंय.

नळीवाला
फिल्टर असो की काही असो, सात म्हणजे सात.

न्यूजर्सीकर
भिंगाबद्दल धन्यवाद. बाबांना पाठवतो हा धागा.

नवखा_श्रोता
छान माहिती. माझ्याकडे आजोबांचा सूटकेससारखा जुना प्लेअर आहे, त्याला पण प्रीअँप लागेल का? अँपच्या ऑक्सला थेट लावला तर वाजतो.

सोल्डर_मास्तर
वाजतो म्हणजे त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असणार. त्याचा आउटपुट शेकडो मिलिव्होल्टमध्ये असतो आणि आरआयएएचं काम ते जवळपास स्वतःच करतं, त्याला फोनो प्रीअँप लावायचा नाही. पण त्याची सुई जड असते, चांगल्या एलपी त्यावर लावू नका. ७८ लावायच्या असतील तर ७८ ची वेगळी, जाड टोकाची सुई लागते. बाकीचं नवीन धागा काढून विचारा, इथे भरकटेल.

जुनी_तबकडी
खरखर, सगळं झालं, पण १८० पैकी मोनो किती ते सांगितलंच नाहीत.

खरखर_३३
काल रात्री मोजल्या. ७४ मोनो. त्यातल्या अकरांना पिशव्या चिकटल्यात, ओढल्या तर टरटर आवाज येतो म्हणून हात लावलेला नाही. माझ्या अँपला मोनोचं बटन नाही हेही काल रात्रीच कळलं. मास्तर, तुमच्या हातची एखादी स्विचची डबी करून मिळेल का? लग आहेत माझ्याकडे, नऊ.